वादळाची शक्यताही आम्हाला मराठीत कळू द्या

प्रति,
महासंचालक,
भारतीय हवामानशास्त्र विभाग,
मौसम भवन, नवी दिल्ली



मे २०२५च्या मध्यावर ‘शक्ती’ चक्रीवादळाचे नाव महाराष्ट्रभर फिरू लागले, तेव्हा ते वादळ अस्तित्वातच नव्हते. कोणी ते बंगालच्या उपसागरात दाखवत होते, कोणी अरबी समुद्रात. आपल्या विभागाने चक्रीवादळाचा इशारा दिलेला नव्हता. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरपर्यंत पोहोचल्याशिवाय आपल्या समुद्रांत वादळाला नाव दिलेच जात नाही, हे मात्र बातमी पुढे पाठवणाऱ्या फारच थोड्यांना ठाऊक होते. पुढे घडले ते असे. दक्षिण कोकण आणि गोव्यासमोर कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, त्याचे डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाआधीची पायरी, झाले आणि २४ मे रोजी दुपारच्या सुमारास ते रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनारा ओलांडून आत गेले. त्याच दिवशी मोसमी पाऊस केरळात पोहोचला आणि २६ तारखेला मुंबईत. महिनाअखेरीस बंगालच्या उपसागरात आणखी एक प्रणाली तयार झाली, तीही चक्रीवादळ न होताच किनाऱ्याला लागली. ‘शक्ती’ हे नाव खऱ्या वादळाला मिळाले ते ऑक्टोबरमध्ये, आणि ते वादळ अरबी समुद्रातच विरले.

अफवा पसरवणाऱ्यांना सोडून मी हे पत्र आपल्याला लिहिते आहे, त्याला कारण आहे. बातमी खोटी असली तरी लोकांचा प्रश्न खरा होता. येत्या दोन आठवड्यांत समुद्रात काही शिजते आहे का आणि त्याची शक्यता किती, एवढेच त्यांना हवे होते. या प्रश्नाचे उत्तर आपला विभाग दर गुरुवारी देतो. पुढच्या दोन आठवड्यांत वादळ तयार होण्याची शक्यता सांगणारे पत्रक आपल्या संकेतस्थळावर येते. ते येते इंग्रजीत, जाणकारांनी जाणकारांसाठी लिहिलेल्या परिभाषेत. श्रीवर्धनच्या वाडीत राहणाऱ्या माणसापर्यंत ते पोहोचत नाही, आणि त्या रिकाम्या जागेत ‘शक्ती’सारखी नावे शिरतात.

मी बंगळुरूच्या जयनगरात राहते. समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून उंचावर आणि दोन्ही समुद्रांपासून तीनेकशे किलोमीटर आत. इथे चक्रीवादळाची भीती कुणाला असायचे कारण नाही. तरी मे महिन्यात आमच्या इमारतीतली निम्मी घरे समुद्राकडे डोळे लावून असतात. वरच्या मजल्यावर चेन्नईचे कुटुंब आहे, शेजारी उडुपीचे, समोर भुवनेश्वरहून आलेले दांपत्य. माझे माहेर श्रीवर्धन तालुक्यातले. भावाची नारळी-पोफळीची वाडी तिथे आहे. शिवाय समुद्रात काही हलले की त्याचा ओलावा आमच्यापर्यंत येतोच. १९ मे २०२५च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत या शहरात १०५.५ मिलिमीटर पाऊस झाला आणि कित्येक वस्त्या पाण्याखाली गेल्या. जयनगरात अशा रात्रींनंतर सकाळी रस्त्यावर आडवी झालेली जुनी झाडे उचलायला माणसे येतात.

चेन्नईच्या शेजाऱ्यांना एक गोष्ट आमच्यापेक्षा सोपी आहे. ‘तमिळनाडू वेदरमन’ म्हणून ओळखले जाणारे प्रदीप जॉन वादळाच्या शक्यतेवर खुलेपणाने लिहितात. काय दिसते आहे, काय अजून ठरलेले नाही, कोणत्या गावाने कशाची तयारी ठेवावी, हे सगळे त्यात असते. महाराष्ट्रात आपल्याच विभागातले कृष्णानंद होसाळीकर यांनी समाजमाध्यमांवरून हे काम बरेच केले. पण एका अधिकाऱ्याच्या उत्साहावर हे चालता कामा नये. तो निवृत्त झाला की ती वाट बंद होते.

आता थोडे त्या नकाशांबद्दल, कारण मेमध्ये घराघरात मोबाईलवर जे पाहिले जाते त्यातून गोंधळ वाढतो. हवामानाची ॲप आता कोणालाही मिळतात. त्यांत अमेरिकेचे जीएफएस हे मॉडेल दिवसातून चार वेळा पुढच्या सोळा दिवसांचे चित्र काढते. मेच्या मध्यावर ते उघडा. बाराव्या-तेराव्या दिवशी रत्नागिरीसमोर लाल-जांभळे भोवरे दिसण्याची शक्यता चांगलीच असते. सहा तासांनी पुन्हा उघडा, तो भोवरा ओमानकडे गेलेला असतो. रात्री पाहाल तर नाहीसाच झालेला असतो. तितक्या लांबचे एकटे चित्र हे भाकीत नसते. आजच्या वाऱ्यांच्या मोजमापात जी बारीक तफावत राहते ती दिवसागणिक वाढत जाते, आणि साधारण दोन आठवड्यांपलीकडे रोजच्या हवामानाचा नेमका अंदाज बांधता येत नाही, हे हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६०च्या दशकातच दाखवले होते.

म्हणून इंग्लंडमधल्या रेडिंगचे युरोपीय केंद्र एकच अंदाज न काढता सुरुवातीच्या मोजमापात किंचित फेरफार करून ५१ अंदाज काढते. त्यांपैकी पाचांत वादळ झाले आणि बाकीच्यांत झाले नाही, तर शक्यता दहात एक. पस्तिसांत झाले, तर गोष्ट वेगळी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने घडवलेल्या पद्धतीवर आपला विभागही चार आठवड्यांचे असे अंदाज काढतो. इतक्या लांबचे काही सांगता येते, ते मुख्यतः मॅडन-ज्युलियन दोलनामुळे. विषुववृत्ताजवळून पूर्वेकडे सरकत पृथ्वीला फेरी घालणारा हा ढगांचा पट्टा हिंदी महासागरात असला की वादळाला पोषक दिवस येतात. तो पुढे सरकला की ओसरतात. दोन आठवड्यांआधी वादळाचा मार्ग कुणालाच सांगता येत नाही. वादळ होण्यासारखे दिवस कोणते, हे मात्र सांगता येते. या दोन गोष्टींतला फरक लोकांना समजावून सांगणे हेच अर्धे काम आहे, आणि ते मराठीत कोणी करत नाही.

अरबी समुद्राविषयी जुना समज असा की तो सौम्य. बंगालच्या उपसागरात चार वादळे होतात तेव्हा इकडे एक. पुण्याच्याच संस्थेतल्या मेधा देशपांडे, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९८२ ते २००० या काळाशी तुलना करून दाखवले की २००१ ते २०१९ या वर्षांत अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली, आणि अतितीव्र वादळांची १५० टक्क्यांनी. समुद्र तापतो आहे. मोसमी वारे स्थिरावले की खालचे वारे एका दिशेने आणि वरचे दुसऱ्या दिशेने जोरात वाहू लागतात, मग वादळाला उभे राहता येत नाही. त्याआधीचे दिवस, म्हणजे मे आणि जूनचा पहिला आठवडा, समुद्र सर्वांत तापलेला आणि वरचे वारे अजून मंद. कोकणाला धोका नेमका तेव्हा असतो.

कोकणात त्या दिवसांत काय काय उघड्यावर असते ते दिल्लीत बसून लक्षात येणे कठीण आहे, म्हणून सांगते. पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीबंदी १ जूनपासून लागते; तोवर होड्या समुद्रात असतात, आणि हंगामाचे शेवटचे दिवस म्हणून लांबवर असतात. हापूसचा शेवटचा तोडा झाडावर असतो. आगोटीची तयारी अर्धवट असते. कौले परतायची असतात, पडव्यांना झड्या बांधायच्या असतात, लाकूडफाटा अंगणात पडलेला असतो, सुकी मासळी वाळत घातलेली असते. लग्नसराई चालू असते, मांडव उभे असतात. मुंबई-पुण्याची माणसे सुट्टीत गावी आलेली असतात. ऑक्टोबरच्या वादळाला पावसाळा काढलेले घर तोंड देते. मेच्या वादळासमोर ते अजून उघडेच असते.

निसर्ग वादळ आठवून पाहा. ३१ मे २०२०ला कमी दाबाचे क्षेत्र, १ जूनला डिप्रेशन, २ जूनच्या दुपारी नाव आणि ३ जूनच्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर. नाव मिळाल्यापासून घरावर येईपर्यंत जेमतेम एक दिवस. आपल्या विभागाने इशारे वेळेवर दिले, माणसे हलवली गेली आणि त्यामुळे जीव वाचले. त्याबद्दल किनारा आपला ऋणी आहे. पण श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, मुरूड, दापोली, मंडणगड या पट्ट्यातल्या वाड्या भुईसपाट झाल्या. श्रीवर्धनचा रोठा म्हणजे ज्या सुपारीवर तिथल्या घरांचा वर्षाचा खर्च चालतो ती. पोफळ लावली की फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. विजेचे खांब आडवे झाले, मोबाईलचे मनोरे बंद पडले, आणि आम्ही इकडे जयनगरात फोन लावत बसलो. एका दिवसात वाडी वाचवता येत नाही हे मला मान्य आहे. पण आठ-दहा दिवस आधी, या आठवड्यात समुद्रावर लक्ष ठेवा, शक्यता तीनात एक आहे, असे कोणी सांगितले असते तर उतरवण्यासारखा माल उतरवला गेला असता, घरावर झुकलेली फांदी छाटली असती, रॉकेल-डिझेल आणि औषधे भरून ठेवली असती, वीज मंडळाने खांब आणि तारा जवळ आणून ठेवल्या असत्या. यांतल्या एकाही गोष्टीला पक्क्या खात्रीची गरज नव्हती.

पुढच्याच वर्षी तौक्ते आले. १४ मे २०२१ला डिप्रेशन, १७ मेच्या रात्री सौराष्ट्रात किनाऱ्यावर. वाटेत रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आंबा बागा झोडपून गेले. मुंबईसमोर तेलक्षेत्रात पी-३०५ हा बार्ज बुडाला आणि त्यावरच्या ७०हून अधिक माणसांचा जीव गेला. इशारे होते. खोल समुद्रातून शेकडो माणसे मागे आणायला मात्र इशाऱ्यानंतरचे तास पुरत नाहीत. तो निर्णय शक्यतेवरच घ्यावा लागतो. बिपरजॉय याच्या अगदी उलटे. ६ जून २०२३ला तयार झाले आणि १५ जूनला गुजरातच्या जखाऊजवळ किनाऱ्यावर आले. दरम्यानच्या दिवसांत वेगवेगळी मॉडेल त्याला ओमान, पाकिस्तान, गुजरात अशी तीन टोके दाखवत होती, आणि प्रत्येक चित्र कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर ‘ब्रेकिंग’ म्हणून आले. अंदाजांचा तो पसारा एकत्र ठेवून, यातले काय धरायचे आणि काय सोडायचे, हे मराठीत सांगणारे अधिकृत पान त्या आठवड्यात लोकांच्या हाती असायला हवे होते.

आपल्याकडून येणारा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो हलका नाही. शक्यता आधी सांगितली आणि वादळ आले नाही, तर पुढच्या वेळी कोणी ऐकणार नाही. ‘लांडगा आला रे आला’ची गत होईल. मेअखेरीस होडी दोन दिवस किनाऱ्याला ओढली तर नाखवा आणि खलाशी यांची पावसाळ्याची बेगमी बुडते. हे नुकसान खरे आहे. म्हणूनच त्यांना हुकूम देऊ नका, आकडा द्या. दहात दोनची शक्यता असेल तर मांडवाचे दोर जास्त घट्ट बांधायला ती पुरेशी आहे, लग्न पुढे ढकलायला नाही. चार दिवसांच्या फेरीवर निघणारा नाखवा आणि संध्याकाळी परतणारा यांचे उत्तर एकाच आकड्यावर वेगळे असेल, आणि ते त्यांचे त्यांनी काढायचे आहे. पिढ्यान् पिढ्या रोहिणीचे वारे आणि मृगाचे ढग पाहून पेरणीचा जुगार खेळणाऱ्या माणसांना शक्यता कळत नाही, असे समजणे त्यांच्यावर अन्याय आहे.

या बाबतीत आपल्याला दूर जायची गरज नाही. हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ पुण्याच्या आणि त्यांचे काम आमच्या बंगळुरूतले. भारतीय विज्ञान संस्थेत वातावरण आणि सागर विज्ञानाचे केंद्र उभे करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण २८ अंशांपलीकडे गेले की ढगांची मोठी उभारणी होते, हे त्यांनी पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांच्यासह १९८४मध्ये दाखवले. मेमधल्या अरबी समुद्राकडे पाहताना आजही तीच गोष्ट आधाराला येते. पण मला त्यांचे दुसरे काम जास्त मोलाचे वाटते. पी. आर. शेषगिरी राव यांच्यासोबत त्या कर्नाटकातल्या पावगड्याच्या भुईमूग शेतकऱ्यांकडे गेल्या आणि कोणती माहिती मिळाली तर तुमचा निर्णय बदलेल, असे त्यांना विचारले. पावसाच्या जुन्या नोंदी घेऊन पेरणीचा कोणता काळ कमी धोक्याचा, हे त्या शेतकऱ्यांबरोबर बसून तपासले. जुलै २०२५मध्ये त्या गेल्या. कोकणातल्या नाखव्याला, बागायतदाराला, वीज कर्मचाऱ्याला हा प्रश्न आजवर आपल्या विभागातून कोणी विचारला आहे का?

मे २०२५मध्ये महाराष्ट्राच्या आतल्या भागातही अंदाज लोकांच्या भाषेत न पोहोचण्याची किंमत मोजली गेली. वळवासारखा आलेला पाऊस आणि पाठोपाठ मुंबईत सोळा दिवस आधी पोहोचलेला मोसमी पाऊस पाहून अनेकांना वाटले की आता तिफण बाहेर काढावी. कृषी विभागाने घाईने पेरणी करू नका असे आवाहन केले, आणि ते बरोबर ठरले. मेअखेरीस मोसमी वारे जे थांबले ते जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकले नाहीत. ती उघडीप आपल्या चार आठवड्यांच्या अंदाजात शोधण्याची गोष्ट होती. गावात मात्र त्या वेळी शेतकरी पंजाबराव डख यांचे व्हिडिओ पाहत होते. त्यांच्या अंदाजांविषयी जाणकारांत मतभेद आहेत. पण ते शेतकऱ्याच्या बोलीत बोलतात आणि तारीख सांगतात. लोक त्यांच्याकडे वळतात ते याच कारणाने, आणि यात लोकांचा दोष मला दिसत नाही.

आपल्या विभागाकडे काय नाही? ओडिशात १९९९च्या महाचक्रीवादळाने सुमारे दहा हजार माणसे नेली. वीस वर्षांनी, ३ मे २०१९ला फनी चक्रीवादळ पुरीजवळ आले तेव्हा बारा लाखांच्या आसपास माणसे आधीच हलवलेली होती. तेही हंगामाच्या सुरुवातीचेच वादळ होते. २४ तास आधीच्या मार्गाच्या अंदाजातली सरासरी चूक आता शंभर किलोमीटरच्या आत आली आहे. मुंबईत मोसमी पाऊस दाखल झाला त्याच २६ मे २०२५ला सहा किलोमीटरच्या जाळीवर चालणारी भारत फोरकास्ट सिस्टीम सुरू झाली, आणि ती पुण्यातच घडली. तिथे शिवाजीनगरच्या आपल्या कार्यालयाला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात. १९२८मध्ये सिमल्याहून आलेल्या त्या कार्यालयात आणि मुंबईच्या प्रादेशिक केंद्रात मराठीत विचार करणारे हवामानतज्ज्ञ आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याजिल्ह्याचा कृषी सल्ला मराठीत निघतो. मग गुरुवारचे वादळाच्या शक्यतेचे पत्रक मराठीत निघायला अडचण कसली?

माझे मागणे मोठे नाही. गुरुवारचे ते पत्रक एका पानात मराठीत द्या; सिंधुदुर्ग आणि गोव्यासाठी कोकणीत, कारवार-उडुपीसाठी कानडीतही. त्यात शक्यता टक्क्यांत सांगा, आणि मागच्या गुरुवारी ती किती होती तेही लिहा, म्हणजे वाढते आहे की ओसरते आहे ते दिसेल. इतक्या आधी मार्ग सांगता येत नाही, नाव दिलेले नाही, अमुक तारखेपर्यंत काही करायची गरज नाही, हे प्रत्येक वेळी लिहा, मग ते कितीदा लिहावे लागले तरी. अफवेत एखादे नाव फिरू लागले तर त्याच दिवशी, त्याच भाषेत खुलासा करा. आणि वादळ येऊन गेल्यावर, किंवा न आल्यावर, चौदा, दहा आणि सात दिवस आधी आपण काय म्हटले होते ते लोकांसमोर मांडा. इंग्रजीतले आपले वादळ-अहवाल हे प्रामाणिकपणे करतात. नाखव्यालाही तो हिशेब पाहण्याचा हक्क आहे.

आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्रावर तो अंदाज वाचला जावा, मच्छीमार सोसायट्यांच्या फळ्यांवर लागावा, ग्रामपंचायतीत पोहोचावा. एप्रिलमध्ये आगोटीच्या कामांची जुळवाजुळव सुरू होते. पहिले मराठी पत्रक एप्रिलच्या पहिल्या गुरुवारी निघावे, ही विनंती.

आपली,
जयनगर, बंगळुरू येथील एक कोकणवासी